तुझ्या फोनवरचे सहा आकडे

रविवार, ८ नोव्हेंबर

चिरंजीव चेअरमनबाई यांस,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे, तिकडेही असावं. नव्या दवाखान्यात डोळे तपासायला पेशंट बरे मिळतात ना? तुझ्या खोलीला खिडकी आहे का? तू निघालीस तेव्हा घाईत विचारायचं राहून गेलं.

वकिलांनी दोन्हीकडच्या मंडळींना फोनवर बोलू नका, असं बजावलंय. पत्राबद्दल कोणी काही बोललेलं नाही, म्हणून लिहितोय. शिवाय आपल्या घराच्या भिंती तुला ठाऊक आहेत. मी इकडे शिंकलो की शेजारून औषध सांगतात.

माझी तब्येत उत्तम. गुडघा कुरकुरतो, पण जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि त्या दुरुस्त होईपर्यंत स्वतः जिने चढलो, तेव्हा तो कुरकुरणारच. सकाळचा स्वयंपाक मी करतो, संध्याकाळचा कारखानदार करतात. दोघंही एकमेकांच्या हातचं मुकाट्यानं खातो. कारखानदारांना तुझा नवरा म्हणायचं की नुसता माझा मुलगा, ते पुढच्या महिन्याच्या सात तारखेला कोर्ट ठरवील. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

त्याच्या कारखान्याचं मात्र खरं नाही. काच कापायचं जुनं मशीन कडा फोडतं, गिऱ्हाईक माल परत पाठवतं. नवीन घ्यायचं तर बँक आधी जुनं कर्ज फेडा म्हणते. पोरगा वाळलाय. रागावलेला माणूस जेवतो तरी, हा नुसताच ताटाकडे बघत बसतो.

आयकराचं विवरणपत्र यंदा चेअरमन नसताना या शिपायानं एकट्यानं भरलं. खालच्या मजल्यावरच्या करसल्लागारांनी ते तपासलं. मुदत ठेवीच्या व्याजाचा रकाना रिकामा राहिला होता, तेवढा त्यांनी भरायला लावला. "चेअरमन कुठायत?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बदली झालीय.

एक किरकोळ गोष्ट. गेल्या दोन-तीन रविवारी तुझ्या फोनवर आपल्या फंडाच्या खात्यातून विकताना लागतात ते सहा आकडे आले असतील. कोणी चोर नाही, मीच आहे. खातं बघायला जातो आणि अंगठा चुकून विक्रीच्या बटणावर पडतो. तू लक्ष देऊ नकोस.

बाजार पडलाय म्हणतात. मी बघत नाही. म्हणजे बघतो, पण तू सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून एकदाच.

जपून राहा. जेवणाच्या वेळा पाळ.

बाबा


मंगळवार, २४ नोव्हेंबर

चि. चेअरमनबाई,

आशीर्वाद. तुझ्या उत्तराची वाट पाहत होतो. पत्र आलं नाही, पण परवा रविवारी मी पुन्हा ते बटण दाबलं आणि मिनिटभरात तुझा मेसेज आला. सहा आकडे. मागेपुढे एक अक्षर नाही.

मी फोन हातात धरून जेवणाच्या टेबलाशी बसलो. ते आकडे थोडा वेळच चालतात, मग बाद होतात. बाद होईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिलो. टाकले नाहीत.

आधी वाटलं, मुलीनं कटकट नको म्हणून पाठवले असतील. मग माझं आधीचं पत्र आठवलं आणि घाम फुटला. वर कारखान्याचं रडगाणं, खाली सहा आकडे आणि शेवटी "लक्ष देऊ नकोस". कुणीही काय समजेल? म्हाताऱ्याला पैसे हवेत, तोंडानं मागवत नाही. तू तेच समजलीस, आणि काही न विचारता देऊन टाकलेस. स्वतःचेसुद्धा.

तेव्हा आता आडपडदा न ठेवता लिहितो. हे पत्र जपून ठेव आणि वकिलाला दाखवावंसं वाटलं तर खुशाल दाखव.

त्या खात्यावर नाव माझं आहे, पैसे दोघांचे आहेत. तू या घरात आलीस तेव्हा माझी सगळी पुंजी मुदत ठेवीत होती. "बाबा, महागाई धावतेय आणि तुमचे पैसे झोपलेत," असं म्हणत तू दर महिन्याला थोडे थोडे फंडात घालायला लावलेस. पुढे तुझा पगार वाढला, कर वाढला. मला उत्पन्न बेताचं, कर नावापुरता. मग तुझी बचतही माझ्याच नावावर जाऊ लागली. करसल्लागार तेव्हा म्हणाले होते, "सूनबाईंनी डोकं लावलं." मीही मिशीत हसलो होतो. घर एक, चूल एक, मग खातं कुणाच्या का नावावर असेना, असं आपण दोघंही धरून चाललो. उद्या घराचेच दोन भाग झाले तर काय, हे काही सुचलं नाही. शहाणपणाच्या भरात आपण दोघांनी मिळून केलेला तो वेडेपणा.

आणि तुझा फोन नंबर त्या खात्याला कसा चिकटला, हेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की सुनेनं सासऱ्याला बांधून घातलं. बाजार पहिल्यांदा कोसळला तेव्हा मी घाबरून निम्मं खातं मातीमोल विकलं होतं. "तुम्ही लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासारखी दिसतील ती सगळी बटणं दाबता," असं तू मला ऐकवलंस. ते बरोबरच होतं, असली माणसं मी हजारो बघितलीत. म्हणून मीच हट्टानं नंबर तुझा घालायला लावला. बटण मी दाबायचं, आकडे तुझ्याकडे यायचे. दोघांचं एकमत झाल्याशिवाय काही विकायचं नाही.

आता कारखानदारांचं. त्यांचं म्हणणं साधं आहे. "बाबा, खातं तुमच्या नावावर आहे, म्हणजे पैसे तुमचे. तिनं कुठे काही मागितलंय?" ऑक्टोबरात माझ्या शेजारी बसून त्यानंच पहिल्यांदा ते बटण दाबायला लावलं. आकडे तुझ्याकडे गेल्यावर कपाळाला हात लावला. मग मला फंडाच्या कार्यालयात घेऊन गेला. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, अर्ज भरा, अर्ध्या तासात नंबर बदलून देते." पेन हातात दिलं. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा खिशात होता, तोही तू तपासून घ्यायला लावलेला. सत्तरीच्या माणसानं शाळकरी पोरासारखी थाप मारली आणि घरी आलो.

तो दुष्ट नाही. तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, त्याला ही काडी दिसली. पण ती दुसऱ्याची होती, आणि हे त्याला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. एका ताटात जेवायचं आणि पोराला सांगायचं की तुझा नाही, तिचा हक्क आहे. रोज उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

मग नंतरच्या रविवारी त्यानं काही सांगितलं नव्हतं, तरी बटण मी का दाबत होतो? अंगठा चुकला नव्हता. आपण दोघं रविवारी चहा घेऊन टेबलाशी बसायचो, तू कागद पसरायचीस, मला प्रश्न विचारायचीस आणि उत्तर चुकलं की शिपायाची नोकरी जाईल म्हणून धमकी द्यायचीस. ती वेळ मला खायला उठते. फोन करायला बंदी. बटण दाबलं की कुठेतरी तुझा फोन वाजतो, एवढं तरी कळायचं. मला तुझी आठवण येते. झालं, लिहिलं एकदाचं.

काल सकाळी मुलाला सांगितलं. तो डबा भरत होता.

मी म्हटलं, "खात्याचे आकडे तिनं काल पाठवले."

तो थांबला. "पाठवले? मग विकलं का तुम्ही?"

"नाही."

"का?"

"अरे, अर्ध्याहून जास्त पैसे तिचे आहेत. आपण सगळंच घेणार असं समजून तिनं आकडे पाठवले. एक शब्द न बोलता."

त्यानं डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "सगळं सोडून दिलं तिनं?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"ते मला कसं माहीत असणार? तिला विचार."

तो ओट्याकडे वळला. मग म्हणाला, "तिचे तिला द्या बाबा. मला आणखी लाजवू नका." आणि निघून गेला. डबा तिथेच राहिला. मी दुपारी जाऊन देऊन आलो. संध्याकाळी मात्र तो पोटभर जेवला.

तर आता कामाचं बोलू. करसल्लागारांना बसवून सुरुवातीपासूनची विवरणं काढली. तू महिन्याला काय घातलंस, मी काय घातलं, त्यावर वाढ किती झाली, सगळं वेगळं केलं. त्याचा कागद सोबत जोडलाय, तपासून घे. मी चुकतो, हे तुला सांगायला नको. तुझा भाग विकायचा आणि तुझ्या खात्यात टाकायचा. नफ्यावर कर बसेल तो मी भरणार, यावर वाद नको. इतकी वर्षं तो माझ्या नावावर वाचवला, आता माझ्याच नावावर भरू दे. मशीनसाठी मुलाला मी माझ्या भागातून थोडे देणार आहे. सगळे नाही, थोडे. म्हातारपणाचे बाजूला राखलेत, तेव्हा ओरडू नकोस.

पण घाई आहे. करसल्लागार म्हणतात, खातं माझ्या नावावर असल्यानं कायद्याच्या लेखी ही मी तुला दिलेली भेट. सासऱ्यानं सुनेला भेट दिली तर तिला कर नाही. परक्या माणसानं दिली तर भरपूर. आणि सात तारखेला निकाल लागला की आपण दोघं एकमेकांचे कोणी नाही. त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मी त्यांना दुसरा चहा विचारला नाही.

भेटीच्या कागदावर एक रकाना असतो, घेणाऱ्याशी नातं काय. मी तिथे 'मुलगी' लिहिलं. करसल्लागारांनी ते खोडलं. म्हणाले, "खोटी माहिती चालत नाही, दंड होईल." आयुष्यात कधी दंड भरला नाही, म्हणून 'सून' लिहिलं. त्यांचंही बरोबर आहे. पण खोडलेलं अजून वाचता येतं, आणि नवीन कागद आणायला मी काही गेलो नाही.

येत्या सोमवारी सकाळी अकराला मी बटण दाबीन. तू फोन जवळ ठेव आणि आकडे पाठव. या वेळी मी ते टाकणार आहे. पैसे यायला तीन-चार दिवस लागतात, म्हणजे सात तारखेच्या आत तुझ्या खात्यात पडतील. तुझा खाते क्रमांक पत्रानं कळव, किंवा आकड्यांच्या खाली लिही. नको म्हणू नकोस. मागच्या वेळी तू न विचारता दिलंस, आता मी न विचारता देतोय.

करसल्लागारांचा आणखी एक सल्ला आहे. व्यवहार झाला की खात्यावरचा फोन नंबर बदलून माझा घाला, परक्या बाईचा नंबर ठेवू नये. त्यांचा हा सल्ला मी मानणार नाही. बाजार पुन्हा पडेल, मी पुन्हा घाबरेन, आणि तेव्हा पलीकडे कुणीतरी नको म्हणणारं असायला हवं. तुला हे ओझं नको असेल तर तसं स्पष्ट कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. खरं म्हणजे घेईन, पण नंबर बदलीन.

कोर्टात सात तारखेला मी येणार नाही. तुम्ही दोघांनी काय ठरवायचं ते ठरवा, त्यात मी पडत नाही. जमलं तर सोमवारी आकडे पाठवशील तेव्हा पुढे एखादा शब्दही लिही.

सात तारखेपर्यंत कायद्यानं, आणि आठ तारखेपासून कायद्याला न विचारता,

तुझे बाबा