तांबड्या चांदीच्या खड्याची व्यवस्था

नाही, मला कुणी बळंच बसवलेलं नाही, आणि मी प्यालेलीही नाही. डोकं ठिकाणावर आहे. मी कासिमिरा कोल्के, वय एकाहत्तर, राहणार पुकामोको, खाणीबाहेरच्या ढिगावर दगड फोडून जगलेली, नवऱ्यामागे एकटी. हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. आधीचं रद्द. आधीच्यात सगळं माझ्या मुलीला, निएवेसला होतं. ती माझ्या आधी गेली, म्हणून हा परत कुटाणा.

घर, म्हणजे दोन खोल्या आणि वरचा पत्रा, मुलगा सेवेरोला. पत्रा गळतो. "उद्या करतो आई" हे मी पुष्कळ ऐकलं. आता स्वतःच्या डोक्यावर गळेल तेव्हा करील.

हातोडा आणि बसायची मेंढीची कातडी ढिगावरच्या लेओकादियाला. दांडा नवा आहे. मोठं पातेलं शेजारच्या फाकुंदाला. ते तिच्याकडेच आहे आणि नेलंच नाही म्हणते. दिलं तिला. आता तरी खोटं बोलायचं कारण उरलं नाही.

राहिली निएवेसची दगडांची पेटी. एवढं लिहायला बसले ते तिच्यासाठी.

निएवेस इथल्या शाळेत सातवीला शिकवायची. दगड थेट पोरांच्या हातात द्यायची. नखाने ओरखडा, नाही उठला तर नाण्याने, मग खिळ्याने. चुंबक लावा. हातावर तोला. पांढऱ्या खरबरीत फरशीवर ओढून रेघ बघा. मी तिचा डबा घेऊन जायचे आणि दारात थांबायचे. एकदा एक पोरगं पिवळा चकचकीत दगड घेऊन उठलं.

"बाई, सोनं. उद्यापासून मी काही येत नाही."

"जायच्या आधी फरशीवर ओढ."

रेघ काळी आली, सोन्याची पिवळी येते. मागून एक पोरगी म्हणाली, "बसा शेटजी, खाली बसा."

"रंगावर भाळू नका," निएवेस म्हणाली, "रेघ बघा."

त्या पेटीत तांबड्या चांदीचा, म्हणजे पोटात चांदी असलेल्या लालभडक दगडाचा, खडा आहे. नवऱ्याला खाणीत सापडला, त्याने लेकीला दिला. उजेडात राहिला की हा दगड काळा पडतो. म्हणून ती काळ्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, वर्षातून एकदा काढायची, पोरं ओळीने हातात घ्यायची.

ती छातीच्या दुखण्याने गेली. मी अंथरूण धरलं. मुख्याध्यापक तिबुर्सिओ भला माणूस, तिच्या मातीला सेवेरोपेक्षा जास्त रडला. त्याने खिडकीपाशी काचेचं कपाट केलं, तिचा फोटो लावला आणि पुढे खडा ठेवला, सगळ्या गावाला दिसावा म्हणून. मी उठून गेले तोवर खडा कोळसा झालेला.

"कासिमिराबाई, मेला की हो हा," तो म्हणाला.

मी फरशी मागितली. ओढला. रेघ तांबडीलाल. तो पोरांच्या बाकावर बसून रडायला लागला. मी पेटी उचलून घरी आले.

आता तो म्हणतो, कपाटाला पडदा लावतो, परत द्या. सेवेरो म्हणतो, पोतोसी शहरात नेऊन विकू. दोघांनाही नाही. पेटी योला कोंदोरीला. ती निएवेसच्या हाताखाली शिकली, आता सातवीला तीच शिकवते. अट एकच, खडा काचेत जाणार नाही, पोरांच्या हातात जाईल. पडला, फुटला, झिजला तरी कुणाला ओरडायचं नाही.

सेवेरो, मेलेल्यांच्या दिवशी गेलेल्या माणसासाठी जेवणाचं टेबल तीन वर्षं मांडायचं असतं. निएवेसची दोन मी मांडली. तिसऱ्याला मी असेन असं दिसत नाही, तेव्हा ते तुझं. टेबलावर ठेवायची तिच्या नावाची पावाची बाहुली लेओकादिया भाजून देईल. शेंगदाण्याचं सूप ठेव, मीठ कमी, निएवेसला खारट चालत नसे. माझं पान तिच्या शेजारीच मांड. वेगळं टेबल नको, खर्च नको, बँड तर मुळीच नको.

साक्षीदार: तिबुर्सिओ आर्से, मुख्याध्यापक, नाराजीने. क्रिसोस्तोमो वायका, चर्चची किल्ली सांभाळणारे.

सही: कासिमिरा कोल्के
पुकामोको, पोतोसी, ९ ऑगस्ट २०१७

सही करता करता तिबुर्सिओ विचारतो, फोटोखाली पितळी पाटी बसवतोय, तिच्यावर आईचे दोन शब्द काय घालू. एकही नाही. मला बोलायचं होतं ते मी निएवेसशी बोलले आहे. तुम्हाला सांगणार नाही.