आकाशदारातून गेलेली म्हातारी

दि. १४ मार्च १९६३, गुरुवार. सकाळी शाळेत रजेचा अर्ज दिला. मृत्युपत्राचा कागद लिहवून घेण्यासाठी अर्जनवीस बापूजींकडे गेले. त्यांनी जात विचारली. बौद्ध, म्हटले. "ते झालं बाई. पहिले कोन होते, ते लिहू ना?" कागद परत घेतला. घरी बसून स्वतः लिहीत आहे.

मी कौसल्या, दिवंगत नागोराव मनवर यांची पत्नी, वय पन्नास, शिक्षिका, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणाची बळजबरी नाही. मूलबाळ नाही. माझ्यामागे काय करावे ते असे :

१. दोन खोल्यांचे घर व मागची जागा दीर पंजाबराव यांची मुलगी नलू हिला. तिच्या वडिलांची त्यात वहिवाट राहणार नाही.

२. पोस्टातली शिल्लक नलूच्या शिक्षणाला. लग्नात खर्चू नये.

३. पतीची घड्याळदुरुस्तीची हत्यारे व भिंग रहमत यांना. दोघे एका दुकानात बसत. पतीची जागा त्यांनी अजून रिकामी ठेवली आहे.

४. पतीने लिहिलेल्या चार पुस्तकांचे हक्क नलूला. याबद्दल जास्त लिहावे लागेल.

नक्षत्रसेन हा तांब्याच्या विमानातून ग्रहांवर जाणारा राजपुत्र. प्रत्येक ग्रहाला आकाशदार असते. सात पिढ्यांची नावे सांगितली की ते उघडते. तीन पुस्तके अशी झाली. छप्पन्न साली आम्ही दीक्षा घेतली. नंतरच्या चौथ्या पुस्तकात तो दारापुढे एवढेच म्हणतो, "मागचे कोणी सांगणार नाही. मी आलो आहे." दार उघडते.

पती वारल्यावर प्रकाशकाने पाचवे पुस्तक दुसऱ्याकडून लिहून घेतले. त्यात चौथ्यातला नक्षत्रसेन मांत्रिकाने केलेला तोतया ठरतो आणि खरा राजपुत्र पिढ्या सांगत परत येतो. संमतीची सही पंजाबरावांनी केली. मला विचारले नाही. मी बोलले तेव्हा म्हणाले, "वहिनी, दादाचं नाव चालू राह्यलं, अजून काय पाह्यजे तुमाले? अन् पिढ्या सांगतल्याशिवाय दार उघडंल कसं?" आमच्यासोबत त्याच दिवशी दीक्षा घेतलेला माणूस हा.

नलूने विचारले होते, "मोठी आई, यातला खरा कोनता?" तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले. आता सांगते. नलू, तुझ्या मोठ्या बाबांनी लिहिलेला नक्षत्रसेन चारही पुस्तकांत एकच आहे. पहिले पुस्तक पुन्हा वाच. तो पिढ्या सांगत उभा असतो, आणि त्याच्या शेजारून एक म्हातारी सरपणाची मोळी घेऊन त्याच दारातून आत जाते. तिला कोणी काही विचारत नाही. दार पिढ्यांनी कधीच उघडत नव्हते. त्याला ते चौथ्या पुस्तकात कळले. मी पतीला म्हातारीबद्दल विचारले, तर डोळ्यावरचे भिंग न काढता म्हणाले, "तुले दिसली का ते? बाकी कोनाच्या बापाले नाही दिसली."

यापुढे कोणी नक्षत्रसेन लिहील तर नलूने हरकत घ्यावी.

५. पंजाबराव यांना काही ठेवत नाही. पाचवे पुस्तक त्यांच्याकडे आहे. एकदा वाचावे. माझ्या शोकसभेत त्यांनी बोलू नये. पतीच्या वेळी ते घराण्याबद्दलच बोलले.

मुक्काम नेर.
सही : कौसल्या नागोराव मनवर
साक्षीदार : अब्दुल गनी, सायकल दुकानदार (सही)
भागीरथाबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार चहा घेऊन गेले. मागच्या अंगणात सरपण वाळत होते. मोळी बांधली आणि आत आणली.