नोटेवरची लेओंतीनताई

पॅरिस, १२ जून १९४५

आई, तुझ्या ओदिलोंचा नमस्कार.

मी बरा आहे. पाव अजून रेशनवरच मिळतो, पण पोट भरतं. तुझा खोकला कसा आहे? शेळीचं सगळं दूध विकू नकोस, थोडं पीत जा.

सरकारने जुन्या नोटा परत मागवल्यात, त्यामुळे आमच्या बँकेत झुंबड उडाली आहे. म्हणजे आपली लेओंतीनताईही दिवसभर माझ्या हातात असते. नोटेवरच्या चित्रासाठी गव्हाची पेंढी घेऊन त्या चित्रकारासमोर बसली होती, तेव्हा मान अवघडली म्हणून किती कुरकुरली होती! वर्षभरात ती गेली, आणि नोट मात्र देशभर फिरत राहिली.

आमच्याकडे नोटांची गड्डी टाचणीने टोचून ठेवतात, तुला माहीतच आहे. मी नेहमी तिचा चेहरा चुकवून कोपऱ्यात टोचायचो. आता परत येतात त्या दुसऱ्यांनी टोचलेल्या. कुठे गालावर भोक, कुठे डोळ्यात.

काल एक म्हातारी खेकसली, "नोट काय न्याहाळतोस मेल्या? तुझी बायको आहे का ती?" रांगेतले सगळे हसले. मीही हसलो.

इथून या नोटा जाळायला जातात.

तुझ्या कपाटात चादरींखाली एक आहे, ठाऊक आहे मला. शुक्रवारनंतर ती कुठेच चालणार नाही. बदलून घे म्हणून पोस्टमास्तर मागे लागेल. देऊ नकोस, आई. तिच्यावर पावाचा तुकडाही मिळेनासा झाला, की मग ती फक्त आपली.

तब्येतीला जप.

तुझा,
ओदिलों