कुंभारणीने बुजवलेलं कुलूप

३, मंगळवार

किल्ली आत जाईना! बायकोच्या कपाटाच्या दारातल्या कुलपात चिखल. चष्मा लावून पाहिलं — कुंभारीण! तीच ती बारीक कंबरेची माशी. तोंडात मातीची गोळी धरून आली, भोक लिंपलं, गेली. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

लेकीला वीस तारखेच्या आत आईची कात्री हवी आहे. शिवणाचं दुकान उघडतेय, आईसारखंच. बायको गेली तेव्हा तिचं सगळं या कपाटात कोंडलं. बावीस वर्षांनी आज पहिल्यांदा किल्ली काढली होती.

४, बुधवार

दिवसभर कुंभारणीवर वाचत बसलो. आत म्हणे एक अंडं, बारीक दोऱ्याला टांगलेलं. शेजारी अळ्या — मारलेल्या नाहीत, नुसत्या बधिर केलेल्या. म्हणजे पिल्लाला शिळं खावं लागत नाही. काय डोकं आहे! शिदोरी भरायची, दार लिंपायचं, निघून जायचं. पोराचं तोंडसुद्धा बघायचं नाही.

संपादकबाईंना सांगितलं, या आठवड्याचा लेख कुंभारणीवर. "पुन्हा किडा? आत्ताच तर मुंग्या झाल्या!" म्हटलं, हा किडा नव्हे हो, आई आहे.

७, शनिवार

लेख झाला. झकास! लेकीलाही पाठवला. खाली लिहिलं — तीन आठवडे थांब, पिल्लू बाहेर पडलं की कपाट उघडू.

८, रविवार

लेकीचा फोन. "किड्यासाठी तीन आठवडे थांबणार. माझ्यासाठी कधी थांबलात, बाबा?"

मी म्हटलं, वसतिगृहात तुला काय कमी होतं? पेटीभर कपडे, खाऊचे डबे, वह्या —

"काहीच कमी नव्हतं. लेखातल्या त्या पिल्लाला तरी कुठे आहे?" फोन ठेवला.

आठ वर्षांची होती. वसतिगृहाच्या फाटकापाशी सोडलं आणि वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला उचलून घरी आणलं असतं. हे मला माहीत होतं. तिला कुठे माहीत होतं?

९, सोमवार

लेख परत मागितला. संपादकबाई तापल्या. "आता पान कशाने भरू, तुमच्या मुंग्यांनी?"

१२, गुरुवार

चिमटा घेऊन कपाटापुढे उभा राहिलो. लेक मोठी की माशी? लेक! यात विचार करण्यासारखं काय आहे? तरी हात उचलेना. दार उघडलं की बायकोचे कपडे दिसणार. खरं सांगायचं तर मी माशीच्या आड लपलोय. एवढीशी माशी, आणि एवढा मोठा घोडा मी!

१४, शनिवार

लेकीला फोन केला. ये, म्हटलं. चिखल तूच फोड, माझ्याच्याने होत नाही. ती म्हणाली, "येते."

१५, रविवार

लेक आली. चिखलापाशी नाक नेऊन बघत बसली, अगदी माझ्यासारखी. "आत हलतंय का हो काही?" मी चिमटा पुढे केला. तिने तो घेतलाच नाही. मूठ धरून दार ओढलं.

उघडलं!

कुलूप लावलेलंच नव्हतं. बावीस वर्षांत मी एकदाही नुसतं ओढून पाहिलं नव्हतं.