कॉफीचं दळण

३ ऑगस्ट, रविवार

पक्कं ऐकलं. मुलगा-सुनेच्या खोलीचं दार ओढलं तरी पुन्हा उघडतं, मी पाणी प्यायला उठलो होतो. अभिजित म्हणाला, अल नस्र भागातलं घर घेतलं तर म्हाताऱ्यांपैकी एकाचीच सोय होईल.

म्हाताऱ्यांपैकी!

आखातातल्या या घरात म्हातारे दोनच. एक मी, अभिजितचा बाप. दुसऱ्या म्हणजे सूनबाईच्या आई, जयमालाबाई. त्यांचं निपाणीला स्वतःचं घर आहे, वर-खाली. माझी विट्याची पिठाची गिरणी विकली, तिच्या मागची खोलीही गेली. पुतण्यांकडे गेलो तर ते ओसरीवर खाट टाकतील आणि खाटेचे उपकार मोजतील.

म्हणजे जायला त्यांनाच हवं. पण स्वयंपाक त्या करतात. मी काय करतो? इतरांनी चालू ठेवलेले एसी बंद करतो.

४ ऑगस्ट

रक्तदाब तीनदा मोजला. तिन्ही वेळा वेगळा. यंत्रच खराब असावं.

६ ऑगस्ट, बुधवार

अभिजितला सध्या कॉफीचं वेड लागलंय. अख्ख्या भाजलेल्या बिया आणतो, आंबट वास येणाऱ्या. मिक्सरमध्ये फिरवतो, कागदाच्या गाळणीत टाकतो, वरून नळीच्या किटलीनं धार धरतो. मग एक घोट घेऊन तोंड वाकडं करतो. आज म्हणाला, चव जमतच नाही.

मी डब्यातली पूड चिमटीत घेतली. अर्धी भुकटी, अर्धे तुकडे! त्याला म्हटलं, अरे, पातं कापतं, दळत नाही. दळायला दोन दगड लागतात आणि त्यांच्यामध्ये सारखी फट. भुकटी कडू उतरते, तुकडे पाणचट राहतात. चव जमणार कशी?

तो माझ्याकडे बघतच राहिला. किती वर्षांनी असा बघितला. मग म्हणाला, 'अण्णा, हे मी तीन व्हिडिओ बघून शिकलो. तुम्हाला कसं माहीत?'

सातवी नापास आहे मी. पण चाळीस वर्षं गिरणी चालवली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अल मन्सूऱ्यात मेट्रो स्टेशनच्या मागे रहमानचं भांड्यांचं दुकान आहे. तो दापोलीचा. अभिजितला विजेचं यंत्र हवं होतं, पण परवडणाऱ्या किमतीत जी होती ती मी हात लावून बाजूला केली. मोटर तेवढी मोठी, आत प्लास्टिकच्या खाचांवर बसवलेली चाकं. मग हाताची बघितली. मुठीत मावेल एवढं नळकांडं, वर दांडा, आत दातांची दोन चाकं, एकात एक बसणारी. स्वस्तातल्यांची चाकं चिनी मातीची. मी दांडा धरून आस हलवली. डळमळत होती. आस डळमळली की फट कमीजास्त होते, मग एका बाजूनं भरड पडतं नि दुसऱ्या बाजूनं मैदा.

रहमान म्हणाला, 'चाचा, सून बघायला आलाव का यंत्र?'

पाचवं घेतलं. पोलादी चाकं, आसेला वर-खाली दोन बेअरिंग, जराही हलत नव्हतं. महागही नाही. अभिजितनं माझ्या पाठीवर हात ठेवला. गाडीत जयमालाबाईही कौतुकानं म्हणाल्या, अण्णांची नजर आहे.

त्यांना कोणी विचारलं होतं?

१० ऑगस्ट

रोज सकाळी साडेपाचला दळण. काम माझं. खालची चकती फिरवली की टिक-टिक वाजते, एकेका टिकीला फट उघडते. अठरा टिकीवर कॉफी कडवट आणि पाणी तुंबलं. चोवीसवर नुसतं पिवळं पाणी. वीस बरोबर. रवाळ पडते, बारीक रव्यासारखी. अभिजित दोन कप प्यायला.

मी आता लागतो. कोणाला तरी.

१३ ऑगस्ट

खांदा धरला. दांडा अडला की कळ मानेपर्यंत जाते. कोणाला सांगितलं नाही.

जयमालाबाईंनी ओळखलं. ही बाई सगळं बघते. माझ्या पायांना सूज येते म्हणून रोज संध्याकाळी बादलीत ऊन पाणी आणि खडे मीठ टाकून देतात, मीठही त्यांनीच एशियन टाउनच्या बाजारातून शोधून आणलं. आज बादली ठेवताना म्हणाल्या, 'उद्यापासून मी दळते. तुम्ही नुसतं सांगा, कसं ते.'

नको म्हटलं. सूनबाईनं ऐकलं. खलास.

१७ ऑगस्ट, रविवार

निपाणीकडची माणसं कॉफीवर वाढलेली. जयमालाबाईंनी बियांवर बोट ओलं करून पाण्याचा एक थेंब टाकला, हलवलं, मग दळलं. त्यामुळे म्हणे पूड भांड्याला चिकटत नाही, उडत नाही. खरंच उडाली नाही. मला का सुचलं नाही?

अभिजित कप घेऊन उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, 'आई, ही जमली. आत्तापर्यंतची सगळ्यात भारी.'

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. यंत्र कोणी निवडलं? आस कोणी हलवून बघितली?

१९ ऑगस्ट

अल नस्रचं घर नक्की. एक तारखेला किल्ली. त्या गेल्या तर कॉफी बिघडेल. मी गेलो तर काय बिघडेल? बसून विचार केला. काहीही नाही.

२० ऑगस्ट

जेवताना मिक्सरचं पातं बोथट झाल्याचा विषय निघाला. जयमालाबाई म्हणाल्या, मूठभर खडे मीठ फिरवायचं, धार येते, मी नेहमी करते. सगळ्यांनी ऐकलं.

मीही ऐकलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अभिजित आणि सूनबाई तेजश्री ऑफिसच्या लोकांबरोबर समुद्रावर गेले, उद्या संध्याकाळी येतील. दुपारी जयमालाबाई झोपल्या.

खडे मीठ मूठभर. वीस टिकीवर. खांदा दुखत होता तरी दांडा फिरवला. मग बोट ओलं करून आत एक नाही, चांगले सात-आठ थेंब. त्यांचीच युक्ती. झाकण घट्ट लावून ओट्यावर जिथे होतं तिथेच ठेवलं, दांडा भिंतीकडे करून, त्या ठेवतात तसं. उद्या सकाळी त्यांचा उपास, अभिजितही घरी नाही. रविवारपर्यंत कोणी उघडणार नाही.

गिरणीत एकदा एका बाईच्या ज्वारीत मिठाची पुडी फुटली होती. लोखंडाचा दोन दिवसांत काय कोळसा होतो ते मला माहीत आहे.

हात तीनदा धुतले.

२४ ऑगस्ट, रविवार

अभिजितनं पहिला घोट सिंकमध्ये थुंकला. यंत्र उघडलं. दातांवर तांबडा गंज, कडेला मिठाचे खडे. इथे रविवारी ऑफिस असतं, उशीर झाला तरी तसाच उभा होता.

'कोणी घातलं मीठ?'

मी पेपर वाचत होतो. तेजश्री हळूच म्हणाली, 'आई, तू परवा धारेचं म्हणत होतीस...'

जयमालाबाईंनी यंत्र हातात घेतलं. एक खडा बोटावर घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, 'मीच घातलं असेल. आठवत नाही बाई मला.'

अभिजित ओरडला नाही. ओरडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, असू द्या आई, वय आहे.

मला वाटलं होतं, भांडतील, रडतील, माझं नाव घेतील. काहीच नाही. एवढं सोपं होतं?

संध्याकाळी बादलीत पाणी होतं, मीठ नव्हतं. विसरल्या. एका कागदावर तारीख घालून लिहून ठेवलं. यादी केलेली बरी.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मोदकाच्या सारणात वेलची राहिली. कोणी काही बोललं नाही. मी बोललो.

३० ऑगस्ट

त्यांचा चष्मा मी फ्रीजमध्ये ठेवला, कोथिंबिरीच्या डब्यामागे. तेजश्रीला सापडला. ती स्वयंपाकघरात उभी राहून रडली. जयमालाबाई नुसत्या म्हणाल्या, 'अगंबाई, तिथे होता का?'

यादीत अकरा गोष्टी झाल्या. त्यातल्या सहा माझ्या. बाकीच्या पाच त्यांच्या त्यांनीच केल्या, माझ्या मदतीशिवाय. म्हणजे मी खोटं असं काही करत नाहीये. जे होणारच होतं ते जरा लवकर दाखवतोय.

२ सप्टेंबर, मंगळवार

यादी अभिजितच्या हातात दिली. सांगितलं, मला काळजी वाटते म्हणून लिहिलं, उद्या गॅस चालू राहिला तर? त्यानं पूर्ण वाचली. म्हणाला, 'अण्णा, तुम्ही एवढं लक्ष ठेवता?'

म्हटलं, ठेवावं लागतं.

दुपारी त्यांना दवाखान्यात नेलं, मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, आज वार कोणता? त्या म्हणाल्या, शनिवार. उत्तर देताना डॉक्टरांकडे नव्हत्या बघत, माझ्याकडे बघत होत्या. घाबरली असेल बाई. रिपोर्टात विशेष काही नाही, पण डॉक्टरांनी यादी वाचली आणि म्हणाले, यांना एकटं सोडू नका.

परत येताना गाडीत तेजश्रीनं आईचा हात धरला होता. मी पुढे बसलो होतो. एसीचं तोंड माझ्याकडे वळवलं.

६ सप्टेंबर

नव्या घरात सामान गेलं. माझी खोली लहान आहे, पण खिडकी आहे. पलंग कुठे ठेवायचा ते मापून ठरवलं. जयमालाबाई तूर्त बाहेरच्या सोफ्यावर झोपतात. रात्री त्यांनी कूस बदलली की सोफा कुरकुरतो, झोप मोडते.

अभिजितनं विजेचं यंत्र मागवलं. आता पगार वाढलाय म्हणे. बटण दाबलं की दळतं. टिक ठरवून ठेवली की पुन्हा हात लावायला नको. कोणाचाच हात लागत नाही. ते गंजलेलं हाताचं जयमालाबाईंनी मागून घेतलं. काय करणार आहेत त्याचं?

११ सप्टेंबर, गुरुवार

त्यांचं तिकीट झालं. वीस तारीख. निपाणी. मला शिरा खावासा वाटला. सूनबाईला म्हटलं, आईंना जाताना चांगली शाल घ्या, माझ्याकडून.

१४ सप्टेंबर, रविवार

अभिजित ऑफिसहून आला आणि थेट माझ्या पलंगावर बसला. असा कधी बसत नाही. म्हणाला, डॉक्टरांचं ऐकलंत ना, आईंना एकटं ठेवायचं नाही. बाई ठेवली तर विश्वासाची मिळत नाही. मी मान हलवत होतो. पुढे म्हणाला, 'अण्णा, तुमच्याइतकं बारीक लक्ष कोणी ठेवणार नाही. ती यादी बघूनच मला सुचलं. त्यांच्या घराची वरची खोली रिकामी आहे. त्या खाली, तुम्ही वर.'

किती दिवस, विचारलं.

'बघू,' म्हणाला. आणि फोन बघायला लागला.

तिकीट काढूनच आला होता. खिडकीची जागा आहे, म्हणाला.

१५ सप्टेंबर

छातीत दुखतंय असं सांगितलं. दवाखान्यात नेलं. सगळं उत्तम. डॉक्टर म्हणाले, या वयात असं हृदय क्वचित दिसतं. अभिजित खूश झाला.

१७ सप्टेंबर

खरं सांगितलं तर मुलगा तोंड बघणार नाही, वर पुतण्यांच्या ओसरीवर. नाही सांगितलं तर निपाणी. दोन्हीकडून जातोच.

रात्री सूनबाई माझ्या पाया पडली. म्हणाली, अण्णा, आईला सांभाळा. असं कधी पडली नव्हती. मला तिच्याकडे बघवेना.

२० सप्टेंबर, शनिवार. विमानात

पट्टा लागेना. जयमालाबाईंनी त्यांचा लावला, मग माझा लावला, खटकन. विमान वर चढलं तेव्हा बोलल्या. आवाज नेहमीचाच, बादली ठेवताना असायचा तसा.

'अण्णा, घरात खडे मीठ एकाच डब्यात होतं. तुमच्या पायांच्या बादलीपाशी. मिक्सरला मी निपाणीत फिरवायचे, इथे कधीच नाही.'

मी खिडकीकडे तोंड केलं.

'एकटी कशी राहू, हे अभिजितला मीच विचारलं. तुमचं नावही मीच सुचवलं.'

मग त्यांनी पर्स उघडली. आत ते यंत्र. दात घासून लख्ख केलेले, गंजाचा ठिपका नाही. माझ्या मांडीवर ठेवलं.

'मला पाचला कॉफी लागते. वीस टिकीवर. आणि चष्मा फ्रीजमध्ये ठेवत जाऊ नका, तिथला फ्रीज लहान आहे.'

खांदा आत्ताच दुखायला लागलाय.