नाडी बहात्तर

३ मार्च, सकाळी ७
बायको माहेरी निघून गेली त्याला आज एकवीस दिवस. नाडी बहात्तर. म्हणजे मला काहीही झालेलं नाही. कॉलेजात शरीरशास्त्र शिकवणारा माणूस रडत बसत नाही, मोजतो. रोज तीनदा मोजून इथे लिहायचं. निश्चय!

५ मार्च
काल राहून गेलं. आज कपाटातला तिचा रिकामा कप्पा उघडला (चुकून). ११०. कारण साधं आहे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं, हृदयाच्या स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागेला, चिकटतं, ठोके वाढतात. मज्जातंतूंच्या टोकांवरही रिसेप्टर असतात. ते चेतले की मज्जातंतू तसलंच आणखी रसायन सोडतात. आगीत तेल. यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही.

८ मार्च
ताईचा फोन. म्हणाली, घरी ये एवढं तिला सांगायला तुझं काय जातं? मी ताईला रिसेप्टर समजावले. तिने कपाळावर हात मारल्याचा आवाज इथपर्यंत आला.

११ मार्च
ही रविवारी घटस्फोटाचे कागद घेऊन येतेय. सही करायची की नाही ते मला बघून ठरवणार, असं ताईला म्हणाली. म्हणजे आशा आहे! अजिबात डळमळायचं नाही. शांत, भारदस्त नवरा बघून तीच विरघळेल. लेक्चरला हात थरथरतात म्हणून डॉक्टरांनी परवाच गोळ्या दिल्यात. गोळी आधीच जाऊन रिसेप्टरवर ठाण मांडते. मग अ‍ॅड्रेनॅलिन आलं तरी त्याला जागा नाही.

१५ मार्च, सकाळी १०
गोळी घेतली. इस्त्रीचा शर्ट. ६४. वा!

त्याच दिवशी, दुपारी
आली. वाळलीय. चहा मी केला, साखर विसरलो, तिने तसाच प्यायला. कागद टेबलावर ठेवले आणि माझं मनगट धरलं. वीस वर्षं वॉर्डात नर्स आहे, माणसाच्या शब्दापेक्षा नाडीवर भरवसा. घड्याळाकडे बघत पुरतं मिनिटभर मोजलं. तेवढा वेळ मी मनात म्हणत होतो, जाऊ नकोस गं.
अठ्ठावन्न.
तिचे डोळे भरले. म्हणाली, तोंडाने तू कधी बोलला नाहीस, म्हटलं नाडी तरी बोलेल. आणि सही केली. मग मीही केली. हात जराही थरथरला नाही, अक्षर सुरेख आलं.

१६ मार्च
गोळी उतरली. १२४. कॉलेजात गेलो नाही. फार दुखतंय. कुठे ते पुस्तकात दाखवता येत नाही.

१७ मार्च, संध्याकाळी
शेवटी तिला फोन केला. सगळं सांगितलं, गोळी, रिसेप्टर, अठ्ठावन्न का आले ते. आकृती काढून पाठवू का विचारलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग हळूच म्हणाली, अरे, गोळी हृदयावर काम करते, जिभेवर नाही.
मी म्हणालो, शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.
मग तिने फोन ठेवला.