ब्रिजखालची तार

प्रिय खटपट्या,

पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून 'प्रिय' लिहिलं आहे, हुरळून जाऊ नकोस. कालपासून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो आहे. सकाळी तू डबा घेऊन निघालास तेव्हाही होत होता, पण तू बूट घालताना शीळ वाजवत होतास आणि शीळ घालणाऱ्या माणसाशी भांडण कुठून सुरू करायचं ते मला सुचलं नाही. म्हणून लिहिते आहे. लिहिताना मधे कोणी तोडत नाही, 'आई, राहू दे' म्हणत नाही.

काल तुझ्या होणाऱ्या बायकोचे आईवडील पहिल्यांदाच तुझ्या घरी चहाला आले. लग्नाचं बोलणं पुढे न्यायचं होतं, त्यासाठीच तू मला आठ दिवस आधी बोलावून घेतलंस. मी आले, पडदे धुतले, कपाटाच्या पाठीमागची जळमटं काढली, तू आणून ठेवलेली नवी साडी नेसले. साडीचा रंग मला आवडला नव्हता, तरी नेसले. चहा झाल्यावर तू ती गिटार बाहेर काढलीस. नवी परवडत नाही म्हणून वर्षभर इकडून तिकडून सामान जमवून जोडलेली, हे मला ठाऊक होतं, पण तू तिची जी वंशावळ सांगितलीस ती मी पहिल्यांदाच ऐकली. धड लग्नांत वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या माळ्यावरचं, दांडा दुसऱ्याच एका फुटक्या गिटारचा. सहा खुंट्यांतल्या चार एका कंपनीच्या, दोन भलत्याच. समोरची पट्टी टाकून दिलेल्या टेबलाच्या सनमायक्याची, तीही तू करवतीने कापलेली. तारा खाली जिथे अडकतात तो धातूचा ब्रिज मित्राने नवा घेतल्यावर भंगारात टाकलेला. प्रत्येक तुकडा कुठून आला, कसा मिळाला, त्यासाठी किती खेपा घातल्या हे तू अगदी फुशारकीने सांगत होतास आणि तिचे वडील कौतुकाने मान डोलवत होते. मलाही कौतुक वाटत होतं, खोटं कशाला सांगू. फक्त आवाज कमीजास्त करायच्या बटणापाशी आलास आणि 'हे असंच कुठल्यातरी जुन्या रेडिओचं' असं म्हणून पुढे गेलास. ते आपल्या स्वयंपाकघरातल्या रेडिओचं बटण आहे. तो रेडिओ माझ्या हातचा होता. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मग तिच्या आईने मला विचारलं की तुम्ही काय करत होता. तिने मला विचारलं होतं. माझ्याकडे तोंड करून. मी कप खाली ठेवून सांगणार, तेवढ्यात तू म्हणालास, 'आई शाळेत शिकवायची.' एवढ्या सहज म्हणालास की क्षणभर मलाच वाटलं, कोणाच्या आईबद्दल चाललं आहे. ती बिचारी स्वतः मास्तरीण, तिला आनंद झाला. कोणता विषय, म्हणाली. तू म्हणालास, विज्ञान. कोणत्या वर्गांना, तिने मला विचारलं. आणि मी, तुझी आई, रेडिओच्या कारखान्यात तेवीस वर्षं सोल्डरचे टाके मारलेली बाई, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, 'सातवीला.' पुढे अर्धा तास मी सातवीला विज्ञान शिकवत होते. हल्लीची मुलं लक्ष देत नाहीत, हेसुद्धा म्हणाले. माझी मलाच कमाल वाटते.

तू विचार करशील, एवढंच ना. एवढंच नाही. त्यानंतर तू गिटार आवाज मोठा करणाऱ्या त्या डब्याला जोडलीस आणि ती गुणगुणायला लागली. माश्यांनी भरलेली बरणी हलवावी तशी. तू ओशाळून सांगायला लागलास, दुकानात दोनदा दाखवून आणली, तो म्हणतो जुन्या सामानाचं असंच असतं. मी तुझ्या बोटांकडे बघत होते. तारांवर हात ठेवलास तरी गुणगुण कमी होत नव्हती, आणि वायरच्या टोकाच्या धातूला बोट लागलं की लगेच खाली यायची. हे बघितल्यावर आंधळ्यालाही कळेल. ब्रिजला अर्थिंगची तार नाही, किंवा आहे आणि सुटली आहे. मी म्हणाले, 'अरे, ब्रिजखालची तार...' आणि तू सगळ्यांसमोर हसून म्हणालास, 'आई, राहू दे, तुला यातलं काही कळत नाही.'

विज्ञानाच्या मास्तरणीलाही एवढं कळत नाही, असं तुला म्हणायचं होतं का. निदान खोटं तरी धड बोलायचं.

मला माहीत आहे तू पुढे काय म्हणशील. ते लोक शिकलेले, घरात पुस्तकांची कपाटं, त्यांना काय वाटेल. त्यांना काय वाटेल हे त्यांना विचारलंस का कधी? माझ्या कामात लाजण्यासारखं काय होतं, ते मला एकदा समजावून सांग. एका रांगेत चाळीस बायका. समोर पट्टा सरकतोय, हातात तापलेली सळई, नाकात राळेचा धूर. एका तासात किती टाके व्हायचे ते मी आता सांगत नाही, तुला ती बढाई वाटेल. चांगला टाका चकचकतो, कच्चा टाका राखेसारखा मळकट दिसतो, हे मी भिंग न घेता बघत असे. सुपरवायझर नव्या पोरींना माझ्या शेजारी बसवायचा. माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना गरम लागत नाही हे तू लहानपणी मित्रांना जादू म्हणून दाखवायचास. उकळत्या चहाचा कप मला धरायला लावायचास आणि ती पोरं आ वासून बघायची. तुझी खेळण्यातली गाडी, शेजारणीची इस्त्री, घंटी, टॉर्च, सगळं आपल्या जेवणाच्या टेबलावर माझ्या हातून नीट होऊन जायचं, आणि तू स्टुलावर उभा राहून फुंकर मारून धूर उडवायचास. त्या धुराने तुला खोकला यायचा, तरी उतरायचा नाहीस.

मग तू आठवीत गेलास. शाळेत पालकांची सभा होती, मी कारखान्यातली पाळी संपवून तशीच निळ्या कोटात आले, आणि फाटकापाशी तू म्हणालास, 'कोट काढून पिशवीत ठेवशील का?' मी ठेवला. हसून ठेवला. मुलं या वयात अशी वागतातच, असं मीच माझी समजूत घातली. तुझे बाबा गेल्यावर तर तुझ्या प्रत्येक गोष्टीची समजूत मीच घालत आले. फी भरायला तू मामाला पाठवायला सांगितलंस, समजूत घातली. कॉलेजच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात रेघ मारलीस, तो फॉर्म मी बघितला होता, तीही घातली. तेव्हाच तुझा कान धरायला हवा होता. ती चूक माझी आहे आणि तिचाही राग मी आज तुझ्यावरच काढते आहे, कारण काढायला दुसरं कोणी जवळ नाही.

आता आजचं. तू गेल्यावर मी तुझ्या टेबलाचा खण उघडला. तुझी सळई सापडली. तिचं टोक इतकं काजळलेलं होतं की मी कपाळाला हात लावला. त्या टोकाने सोल्डर वितळतच नाही, नुसतं गोळ्या होऊन पळतं, म्हणून तू गरम करत बसला असशील आणि तारांची कातडी जाळली असशील. जाळली आहेसच. ओल्या कापडाने टोक साफ केलं, त्याला नीट सोल्डर पाजलं, आणि सनमायक्याच्या पट्टीचे आठ स्क्रू काढले. आत जे बघितलं ते कारखान्यात दिसलं असतं तर त्या बाईला मी जेवायला सोडलं नसतं. दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली. सगळे टाके कच्चे. आणि ब्रिजखालची तार, जिच्यासाठी तू त्या दुकानदाराच्या पायऱ्या दोनदा झिजवल्यास, ती लाकडातल्या भोकातून आत आलेली आणि कशालाच न जोडलेली. तशीच लोंबत होती. तिथवर आणून तू विसरलास, की जेवायला उठलास, तुझं तूच आठव. दुकानदाराने पट्टी उघडलीसुद्धा नसणार.

आधी वाटलं, तसंच बंद करून ठेवावं. गुणगुणू दे जन्मभर. मग म्हटलं, राग तुझ्यावर आहे, तारेने माझं काय बिघडवलंय. सगळे टाके उकलले आणि पुन्हा मारले. ब्रिजची तार जोडली. तारांचा आवाज पकडणारे तुझे दोन पिकअप दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन्ही एकदम लावले की आवाज पातळ आणि गेंगाणा व्हायचा, हे काल ऐकलं होतं. एकाच्या दोन तारा उलट्या करून बघितल्या, भरून आला. चष्मा लावूनही बारीक नीट दिसत नाही आता, दोन टाके दुसऱ्यांदा करावे लागले. पण आता ती गप्प आहे. हात लावेपर्यंत अगदी गप्प.

हे सगळं मी एकटीने केलेलं नाही, आणि हे पत्र त्यासाठी आहे. अकरा वाजता मी तुझ्या होणाऱ्या बायकोला फोन केला. नंबर तिनेच दिला होता मागच्या वेळी, काही लागलं तर सांगा म्हणून. मला लागलं होतं, मी सांगितलं. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली, टॉर्च धरून उभी राहिली, आणि टाके मारता मारता मी तिला सगळं सांगितलं. कारखाना, निळा कोट, फॉर्मवरची रेघ, सातवीचा वर्ग, सगळं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटचा स्क्रू बसल्यावर तिने एवढंच विचारलं, मग तो खोटं का बोलला? आजवर असं कोणी विचारलं की तुझ्या वतीने मी उत्तर देत आले, लहान आहे, बाप नाही, बुजरा आहे, मनाने चांगला आहे. ही सगळी उत्तरं तोंडात आली होती. मी ती गिळली आणि म्हणाले, मला माहीत नाही, त्यालाच विचार. चारच्या गाडीने मी घरी निघते आहे. हे पत्र मी वर न ठेवता खाली लाँड्रीवाल्याकडे ठेवते, कारण कपडे घ्यायला तू आधी तिथेच थांबतोस, आणि वर ती बसली आहे. सातपर्यंत थांबेन म्हणाली. त्यानंतरचं तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कपडे उद्या घे.

तुझीच,
आई